एका घरातल्या दोन चुली : निन्टेंडो स्विचच्या जन्माची कथा

१/ १७ मार्च २०१५. टोकियोतील एका पत्रकार परिषदेत निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मोबाइल क्षेत्रातील एका जपानी कंपनीशी भागीदारी जाहीर केली. मारिओला फोनवर नेणार नाही, ही कंपनीची अनेक वर्षांची भूमिका होती आणि ती त्या दिवशी सुटली. निन्टेंडो आता स्वतःची यंत्रे बनवणे थांबवणार, असा अर्थ यातून निघण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी इवाता यांनी जाता जाता एका नव्या यंत्राचा उल्लेख केला. त्याचे सांकेतिक नाव होते ‘एनएक्स’. नावापलीकडे त्यांनी काहीच सांगितले नाही. चार महिन्यांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हा धागा त्या ‘एनएक्स’चा आहे. 🧵

२/ पुढे हे यंत्र ‘निन्टेंडो स्विच’ या नावाने जगापुढे आले. पाटीएवढा पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना सरकवून बसवता येणारी दोन छोटी नियंत्रके आणि टीव्हीशेजारी ठेवण्याचा एक डॉक. पडदा डॉकमध्ये ठेवला की खेळ टीव्हीवर दिसतो. उचलला की तोच खेळ, त्याच ठिकाणाहून, हातात सुरू राहतो. आज ही कल्पना इतकी स्वाभाविक वाटते की ती आधी कोणाला कशी सुचली नाही, असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात ती अनेकांना सुचली होती. निन्टेंडो तर जवळजवळ तीन दशके घरातले आणि हातातले अशी दोन्ही प्रकारची यंत्रे बनवत होती. मग दोन्हींचे एक व्हायला २०१७ साल का उजाडावे लागले?

३/ उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. निन्टेंडोची स्थापना १८८९ साली क्योटो येथे फुसाजिरो यामाउची यांनी केली. व्यवसाय होता ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांची चित्रे असलेल्या जपानी पत्त्यांचा. १९४९ मध्ये त्यांचे पणतू हिरोशी यामाउची अगदी तरुण वयात अध्यक्ष झाले आणि पुढे ५० हून अधिक वर्षे त्या खुर्चीवर राहिले. पत्त्यांच्या धंद्याला मर्यादा आहेत, हे त्यांना लवकर उमगले. त्यातून कंपनी खेळण्यांकडे वळली, आणि त्या वळणावर त्यांना एक माणूस सापडला. तो कारखान्यातली यंत्रे सांभाळण्यासाठी नेमलेला होता.

४/ त्या माणसाचे नाव गुन्पेई योकोई. १९६५ मध्ये ते निन्टेंडोत रुजू झाले. फावल्या वेळात त्यांनी लांबवर पसरणारा, कात्रीसारख्या सांध्यांचा एक खेळण्यातला हात तयार केला होता. यामाउचींनी तो पाहिला आणि बाजारात आणण्यास सांगितले. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने १९६६ मध्ये आलेल्या त्या खेळण्याची विक्री दहा लाखांवर गेली. यंत्रे दुरुस्त करणारा अभियंता खेळणी घडवणारा झाला. स्विचची मुळे शोधायची तर ती इथपर्यंत येतात. कारण योकोईंनी कंपनीला एक विचारपद्धती दिली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतरही टिकली.

५/ त्या पद्धतीचे जपानी नाव शब्दशः उलगडले तर ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असे काहीसे होते. इथे ‘सुकलेले’ म्हणजे टाकाऊ नव्हे. जपानी अभियंते हा शब्द वापरून-वापरून भरवशाचे झालेल्या, ज्याच्या खोडी ठाऊक आहेत आणि जे स्वस्त झाले आहे अशा तंत्रज्ञानासाठी वापरतात. मराठीत त्याला ‘मुरलेले’ हा शब्द अधिक शोभेल. मुरलेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते ज्या कामासाठी जन्मले त्याहून भलत्याच कामाला लावायचे, हे योकोईंचे सूत्र होते.

६/ या सूत्राचे पहिले मोठे फळ १९८० मध्ये आले. आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार गणकयंत्राची बटणे चाळा म्हणून दाबत बसलेला योकोईंनी पाहिला, असे सांगितले जाते. त्या काळी गणकयंत्रांच्या स्पर्धेमुळे छोट्या चिप आणि द्रवस्फटिक पडदे अतिशय स्वस्त झाले होते. तेच भाग वापरून ‘गेम अँड वॉच’ ही खिशात मावणारी मालिका निघाली. १९८२ मध्ये त्याच मालिकेतील ‘डाँकी काँग’ या खेळासाठी योकोईंनी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण योजले. जागा वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती पुढे साऱ्या उद्योगाने उचलली.

७/ पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ आला. हा टीव्हीला जोडायचा कन्सोल होता आणि मासायुकी उएमुरा यांच्या चमूने तो घडवला होता. अमेरिकेत तो १९८५ पासून ‘एनईएस’ नावाने विकला गेला. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ या साध्या नावाने घराघरांत शिरलेली, मारिओ आणि कॉन्ट्राची काडतुसे लावायची स्वस्त यंत्रे ही बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. बनवणाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या पिढीलाही निन्टेंडोची करामत अशी परिचित झाली. त्या नियंत्रकावरचे दिशादर्शक बटण मात्र योकोईंच्या खिशातल्या यंत्रावरून आलेले होते.

८/ १९८९ मध्ये योकोईंच्या विभागाने ‘गेम बॉय’ आणला. पडदा रंगहीन, त्याला मागून उजेड नाही, करड्या-हिरव्या अवघ्या चार छटा. प्रतिस्पर्धी अटारी आणि सेगा यांनी लवकरच रंगीत पडद्याची हातातली यंत्रे आणली. पण त्यांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. रंगीत पडदे इतिहासजमा झाले आणि गेम बॉय, त्याच्या पुढील रंगीत आवृत्तीसह, ११ कोटी ८६ लाखांच्या वर विकला गेला. मुरलेल्या तंत्रज्ञानाचा हा सर्वांत मोठा विजय होता. एका गुंतागुंतीची सुरुवातही तिथेच झाली.

९/ कारण आता निन्टेंडोच्या घरात दोन चुली मांडल्या गेल्या होत्या. फॅमिकॉम आणि गेम बॉय यांचे प्रोसेसर वेगळ्या कुळातले, पडदे वेगळे, काडतुसे वेगळी, खेळ घडवणारे चमू बहुतांशी वेगळे. एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्यावर चालत नसे. तो नव्याने लिहावा लागे. मारिओ आणि झेल्डा दोन्हीकडे नांदत, पण दोन्हीकडे त्यांचा स्वयंपाक निराळा होई. धंदा तेजीत असताना याचे ओझे कोणाला जाणवले नाही. दोन यंत्रे म्हणजे दोन बाजार आणि एका घरात दोनदा विक्री, असाच हिशेब होता.

१०/ दोन्हींमध्ये पूल बांधण्याचे प्रयत्न झाले. १९९४ मध्ये ‘सुपर गेम बॉय’ आला. हे एक मोठे काडतूस होते. ते टीव्हीच्या कन्सोलमध्ये बसवायचे आणि त्यात गेम बॉयचे काडतूस खोचायचे. टीव्हीवर गेम बॉयचे खेळ दिसत. पण ते काडतूस आतून जवळजवळ एक संपूर्ण गेम बॉयच होते, कारण टीव्हीच्या यंत्राच्या मेंदूला गेम बॉयची भाषा कळत नव्हती. २००३ मध्ये गेमक्यूबसाठी असेच दुसरे उपकरण निघाले. त्याच्याही पोटात हातातल्या यंत्राचा सगळा ऐवज होता. हे पूल म्हणजे एका घरात दुसरे घर कोंबण्याचा प्रकार होता.

११/ सेगाने उलट्या दिशेने प्रयत्न केला. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेले ‘नोमॅड’ हे सेगाच्या टीव्ही-कन्सोलचेच हातातले रूप होते. तीच काडतुसे चालत आणि तार लावून टीव्हीवरही खेळता येई. आजच्या व्याख्येने हा संकर कन्सोलच. पण सहा सेल दोन-तीन तासांत संपत, आणि ज्या कन्सोलचे ते रूप होते तो तेव्हा उतरणीला लागला होता. पुढे सोनीच्या पीएसपीलाही २००७ पासून टीव्हीची जोड मिळाली. तरीही दिवाणखान्यातल्या मोठ्या कन्सोलची जागा घेणे तिला जमण्यासारखे नव्हते.

१२/ अडचण भौतिकशास्त्राची होती. टीव्हीच्या यंत्राला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळते, उष्णता बाहेर फेकायला मोठा पंखा बसवता येतो. हातातल्या यंत्राला मूठभर बॅटरीवर भागवावे लागते आणि ते तापले तर धरता येत नाही. त्यामुळे हातातले यंत्र टीव्हीच्या यंत्रापेक्षा साधारण एका दशकाने मागे असे. १९९६ मध्ये ‘निन्टेंडो ६४’ त्रिमितीय जग उभे करत होता, तेव्हा हातात अजून चार छटांचाच गेम बॉय होता. २००१ च्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ची ताकद १९९० च्या ‘सुपर फॅमिकॉम’च्या आसपासची. एवढे अंतर असताना एकच यंत्र दोन्ही कामे नीट करील, हे शक्य नव्हते.

१३/ योकोईंनी हे अंतर मिटताना पाहिले नाही. १९९५ चा त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल फसला, १९९६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये यामाउचींनी अध्यक्षपद सोडले आणि घराण्याबाहेरच्या सातोरू इवाता यांच्या हाती सूत्रे दिली. इवाता मूळचे प्रोग्रामर. कर्जात बुडालेली ‘हॅल लॅबोरेटरी’ ही खेळ बनवणारी कंपनी सावरण्याची जबाबदारी त्यांच्यावर १९९३ मध्ये आली होती आणि त्यांनी ती पार पाडली होती. बुडत्या घराचा हिशेब कसा मांडायचा, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

१४/ इवातांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध झगमगता आहे. २००४ चा दोन पडद्यांचा ‘डीएस’ अखेरीस १५ कोटी ४० लाखांवर गेला. २००६ चा, हात हलवून खेळायचा ‘वी’ १० कोटींच्या पुढे गेला. दोन्ही यंत्रे ताकदीने स्पर्धकांच्या मागे होती, पण आजी-आजोबांनाही खेळायला लावणारी होती. योकोईंचे सूत्र पुन्हा खरे ठरले. दोन्ही चुलींवर एकाच वेळी पक्वान्ने शिजत होती. नेमक्या त्याच काळात, २००७ मध्ये, आयफोन बाजारात आला.

१५/ पुढचा फटका दोन्हीकडून बसला. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये आलेला ‘थ्रीडीएस’ अपेक्षेप्रमाणे खपेना. सहा महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, त्याची किंमत २५,००० येनवरून १५,००० येनवर आणावी लागली. फावल्या वेळाचे खेळ लोकांना आता फोनवर फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळत होते. मार्च २०१२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात निन्टेंडोला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. वर्षानुवर्षे नफ्याची सवय असलेल्या कंपनीसाठी हा धक्का मोठा होता.

१६/ आणि मग आला ‘वी यू’. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या या कन्सोलच्या नियंत्रकातच एक मोठा पडदा होता. घरात दुसरे कोणी टीव्ही पाहत असेल, तर खेळ त्या पडद्यावर खेळता येई. कल्पना स्विचच्या अगदी उंबरठ्यावरची. पण सारे गणित टीव्हीजवळच्या पेटीत होई आणि पडद्यावर फक्त चित्र पाठवले जाई. त्या पेटीपासून फार दूर गेले की चित्र तुटे. खेळाडूच्या हातात पडदा आला, पण यंत्र भिंतीलाच बांधलेले राहिले. शिवाय हा नवा कन्सोल आहे की ‘वी’ची जोडवस्तू, हेच अनेक ग्राहकांना कळले नाही. साऱ्या आयुष्यात तो १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच खपला.

१७/ आता दोन चुलींचे ओझे दिसू लागले. खेळ अधिक तपशीलवार झाले होते, ते बनवायला अधिक माणसे आणि अधिक वर्षे लागत होती. दोन यंत्रांना पुरेसे खेळ वेळेवर देणे निन्टेंडोला जमेना. थ्रीडीएसला हात द्यावा तर वी यू उपाशी राही. एकेका खेळासाठी ग्राहक महिनोन्‌महिने वाट पाहत आणि बाहेरच्या कंपन्या काढता पाय घेत. गुंतवणूकदार उघडपणे विचारू लागले की यंत्रे सोडून मारिओ सरळ फोनवर का आणत नाही? अनेकांनी नोकरकपातीचाही सल्ला दिला.

१८/ इवातांनी नोकरकपात नाकारली. २०१३ मध्ये भागधारकांच्या सभेत त्यांनी आपली बाजू मांडली : आपली नोकरी जाईल या भीतीत जगणाऱ्या माणसांच्या हातून लोकांची मने जिंकणारे खेळ घडणार नाहीत. हे केवळ भाषण नव्हते. थ्रीडीएसच्या वेळी त्यांनी स्वतःचे वेतन अर्ध्यावर आणले होते. जानेवारी २०१४ मध्ये, वी यूच्या विक्रीचा अंदाज कोसळल्यावर, त्यांनी पाच महिन्यांसाठी पुन्हा तेच केले. शिगेरू मियामोतो आणि गेन्यो ताकेदा यांच्या वेतनात ३० टक्के, इतर संचालकांच्या वेतनात २० टक्के कपात झाली. स्विच घडवण्यासाठी लागणारे हात त्यामुळे घरातच राहिले.

१९/ दुसरा निर्णय कमी गाजला, पण तो अधिक निर्णायक होता. २०१३ मध्ये हातातली यंत्रे आणि टीव्हीची यंत्रे घडवणारे दोन विभाग एकत्र करण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये इवातांनी गुंतवणूकदारांना त्यामागचा विचार समजावला. आजवर प्रत्येक यंत्रासाठी खेळ नव्याने घडवावे लागले. यापुढे यंत्रांची अंतर्गत रचना एकच असावी, म्हणजे ती एकाच कुटुंबातल्या भावंडांसारखी होतील आणि केलेले काम सर्वत्र वापरता येईल. यंत्रे किती असतील हे त्यांनी ठरवून टाकले नव्हते. पण भावंडांनी एका ताटात जेवावे, एवढे ठरले होते.

२०/ जुलै २०१५ मध्ये इवाता गेले. सप्टेंबरमध्ये बँकिंग क्षेत्रातून आलेले तात्सुमी किमिशिमा अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात खेळ घडवणारे मोठे विभागही एकत्र आणले गेले. म्हणजे स्विचच्या आधीच, यंत्रे घडवणारे आणि खेळ घडवणारे अशा दोन्ही पातळ्यांवर, निन्टेंडोने घरातली भिंत पाडली होती. बाजारात संकर कन्सोल दिसला तो २०१७ मध्ये. कंपनीच्या रचनेत तो त्याआधीच जन्मला होता.

२१/ उरला होता भौतिकशास्त्राचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. स्मार्टफोन आणि टॅब्लेटच्या जागतिक शर्यतीमुळे कमी विजेत मोठे काम करणाऱ्या चिप वेगाने सुधारल्या होत्या. ज्या फोनने निन्टेंडोचा बाजार खाल्ला, त्याच फोनच्या लाटेने तिला हवी ती चिप दिली. स्विचमध्ये एन्व्हिडियाची ‘टेग्रा एक्स-१’ या कुळातील चिप आहे. ती २०१५ मध्येच जाहीर झाली होती आणि टीव्हीला जोडायच्या एका छोट्या यंत्रात वापरातही होती. स्विच आला तेव्हा ती नवी नव्हती. ती मुरलेली होती. गणकयंत्राच्या चिपमधून खेळ काढणाऱ्या योकोईंना हा व्यवहार लगेच ओळखता आला असता.

२२/ रचनेतली खुबी अशी : स्विचच्या डॉकमध्ये मेंदू नाही. तो वीज पुरवतो आणि चित्र टीव्हीकडे नेतो, एवढेच. सारे यंत्र पडद्यामागेच आहे. हातात असताना चित्र ७२० ओळींचे, चिप सावकाश चाललेली, बॅटरी खेळानुसार अडीच ते साडेसहा तास. डॉकमध्ये वीज मिळताच चिपचा चित्रे रेखणारा भाग साधारण दुप्पट वेगाने धावतो, आतला छोटा पंखा उष्णता बाहेर काढतो आणि चित्र १०८० ओळींपर्यंत जाते. वी यूने पेटी भिंतीला बांधून चित्र हातात दिले होते. स्विचने पेटीच हातात दिली. वीज खाणाऱ्या, फिरणाऱ्या तबकडीऐवजी नखाएवढे कार्ड आले. लहान मुलांनी ते गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू चव देण्यात आली.

२३/ दोन्ही बाजूंच्या ‘जॉय-कॉन’ नियंत्रकांचा विचारही असाच दुहेरी आहे. दोन्ही मिळून एका खेळाडूचे पूर्ण नियंत्रक होते. वेगळे केले की एकेक दोघांच्या हाती देता येते. म्हणजे एक यंत्र विकत घेतले की घरात लगेच दोघांचा खेळ मांडता येतो. पडद्यामागची पट्टी उघडून तो मेजावर उभा करायचा आणि समोर दोघांनी बसायचे, हा वापराचा तिसरा प्रकार. कन्सोल ही एकट्याने खोलीत बसून खेळण्याची वस्तू, या समजुतीला त्याने छेद दिला.

२४/ २० ऑक्टोबर २०१६ रोजी अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीतून स्विच जगासमोर आला. बाजार सावध होता. १३ जानेवारी २०१७ रोजी टोकियोत किंमत आणि खेळ जाहीर झाले, त्या दिवशी निन्टेंडोच्या समभागाचा भाव पाच टक्क्यांहून अधिक घसरला. किंमत जास्त, सुरुवातीचे खेळ मोजके, चिप जुनी, असे आक्षेप होते. ते खोटेही नव्हते. ३ मार्च २०१७ रोजी यंत्र विक्रीला आले, तेव्हा वी यूच्या अपयशानंतर दुसरे अपयश परवडण्याजोगे नव्हते.

२५/ यंत्रासोबत एक खेळ होता : ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. तो मूळचा वी यूसाठी सुरू झाला होता. दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यासाठी रचलेले हे विस्तीर्ण जग आता आगगाडीत, अंथरुणात, मेजावर उघडता येऊ लागले. पहिल्या महिन्यात अमेरिकेत स्विचची ९ लाख ६ हजार यंत्रे विकली गेली आणि स्विचसाठीच्या या खेळाच्या प्रती ९ लाख २५ हजार! एक प्रत खेळायला आणि एक विशेष आवृत्ती जपून ठेवायला, असे काहींनी केले. डिसेंबर २०१७ अखेर स्विचची विक्री १ कोटी ४८ लाखांवर गेली. वी यूने साऱ्या आयुष्यात गाठलेला आकडा त्याने दहा महिन्यांत मागे टाकला.

२६/ एक चूल झाल्याचा परिणाम खेळांच्या यादीत दिसतो. वी यूबरोबर अडगळीत गेलेला ‘मारिओ कार्ट ८’ एप्रिल २०१७ मध्ये नव्या आवृत्तीत आला आणि निन्टेंडोच्या सर्वाधिक खपलेल्या खेळांत जाऊन बसला. पोकेमॉनचे मुख्य खेळ आजवर हातातल्या यंत्रांसाठीच निघत. ते टीव्हीवर आले. मार्च २०२० मध्ये, जग टाळेबंदीत शिरत असताना, ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ आला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३४ लाख प्रती गेल्या. प्रत्यक्ष भेटी थांबलेली माणसे एकमेकांच्या काल्पनिक बेटांवर पाहुणी म्हणून जाऊ लागली. त्याच वर्षी थ्रीडीएसचे उत्पादन थांबले. १९८९ पासूनची वेगळी चूल विझली.

२७/ या यशाला एक डाग आहे आणि तो झाकता येत नाही. जॉय-कॉनवरील काडी काही काळाने कोणी हात न लावताही सरकल्याचा संकेत देऊ लागे. त्या काडीखाली संपर्कपट्ट्या असतात. वापराने त्या झिजल्या की चुकीची खूण जाते. २०१९ पासून अमेरिकेत सामूहिक दावे दाखल झाले, युरोपातील ग्राहक संघटनांनी तक्रारी केल्या. जून २०२० मध्ये भागधारकांसमोर अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. एवढेसे नियंत्रक हातात, टीव्हीसमोर आणि दोघांत वाटून वापरायचे, तर ताण सर्वांत लहान भागावर येतो. एकत्र येण्याची किंमत त्या काडीने मोजली.

२८/ एक विसंगतीही नोंदवण्याजोगी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘स्विच लाइट’ आला. त्याची नियंत्रके सुटत नाहीत आणि तो टीव्हीला जोडताच येत नाही. ज्या गुणावरून नाव पडले तोच गुण वगळलेला! तरीही लोकांनी तो घेतला, कारण खेळ तेच होते. इवातांनी २०१४ मध्ये भावंडांची उपमा दिली होती, ती इथे शब्दशः खरी ठरली. मुद्दा एका यंत्राचा नव्हता; मुद्दा होता एका पंगतीचा. यंत्रे दोन असली तरी चालेल, वाढप एकच हवे.

२९/ पुढे इतरांनीही ही वाट धरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व कंपनीचा ‘स्टीम डेक’ आला, संगणकावरचे खेळ हातात देणारा आणि डॉकमार्गे पडद्याला जोडता येणारा. भारतात मात्र निन्टेंडोने स्विचची अधिकृत विक्री केली नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत तो आयातदारांमार्फतच पोचला. मार्च २०२५ अखेर जगभरातील विक्री १५ कोटी २१ लाखांपर्यंत गेली होती. ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ आला आणि चार दिवसांत त्याची ३५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. पडदा मोठा, चिप नवी, नियंत्रके चुंबकाने चिकटणारी. रचना मात्र तीच. १३० हून अधिक वर्षांच्या या कंपनीने या वेळी मूळ कल्पना बदलण्याची गरज मानली नाही.

३०/ स्विचच्या इतिहासाकडे एका चतुर शोधाची गोष्ट म्हणून पाहता येते, पण ते अपुरे ठरेल. संकर कन्सोलची कल्पना १९९५ मध्येही होती; तिला पेलणारी चिप नव्हती. २०१२ मध्ये चिप जवळ आली होती; पण घर विभागलेले होते. तोट्याच्या काळात माणसे राखली गेली, विभागांमधल्या भिंती पडल्या आणि शत्रूच्या लाटेतून आलेले मुरलेले तंत्रज्ञान हाती लागले, तेव्हा कल्पनेला शरीर मिळाले. यातले पहिले दोन निर्णय ज्यांनी घेतले, ते इवाता यंत्राचे नाव जाहीर होईपर्यंतही थांबू शकले नाहीत. ‘एनएक्स’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांना त्यांनी पुढच्या वर्षी सांगेन असे म्हटले होते. ते सांगण्याचे काम यंत्रालाच करावे लागले.

(धागा समाप्त)